खेकडाचाल घ्यायची की स्टेपनी?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात नॉर्मल नावाचं एक गाव आहे. तिथल्या मित्सुबिशीच्या बंद पडलेल्या कारखान्यात रिव्हियन कंपनीचे विजेवर चालणारे, डोंगरदऱ्यांत घालता येणारे पिकअप ट्रक 2021च्या सप्टेंबरपासून तयार होतात. गाव नॉर्मल आहे. या ट्रकबरोबर काय काय घेता येतं याची यादी वाचली, की गावाचं नाव ठेवणाऱ्याने जरा घाई केली असं वाटतं.

2019च्या मे महिन्यात ॲरिझोनातल्या फ्लॅगस्टाफला ओव्हरलँड एक्स्पो भरला होता. गाडीत बिऱ्हाड भरून रानोमाळ भटकणाऱ्यांचा हा मेळावा. तिथे रिव्हियनने ट्रकच्या मागच्या सीट आणि मागचा हौदा यांच्यामधल्या आरपार बोगद्यातून एक अख्खा स्वयंपाकाचा ओटा ओढून बाहेर काढला. इंडक्शनच्या शेगड्या, सिंक, नळ, पाण्याची टाकी, भांडीकुंडी, सगळं त्यात. बघ्यांच्या तोंडाला पाणी सुटलं. पुढे या ओट्याची किंमत ठरली 5,000 डॉलर. घरी चहाचं आधण ठेवताना साखरेचा डबा कुठे आहे हे विचारणाऱ्या कितीतरी पुरुषांनी यादीतल्या त्याच्या चौकटीत टिचकी मारली असणार. प्रत्यक्षात हा ओटा यादीतून हळूच नाहीसा झाला आणि नंतर त्याच्याहून बऱ्याच कमी किमतीचं, उचलून नेता येणारं सुटसुटीत स्वयंपाकघर आलं. इंडक्शनवर भाकरी शेकायची कुठे, हा प्रश्न फ्लॅगस्टाफला कोणी विचारल्याची नोंद नाही.

ऑफ-रोड गाडीच्या पर्यायांची सगळी गंमत इथेच आहे. साधी गाडी घेणारा माणूस आज आपल्याला काय लागतं ते पाहतो. विजेवर चालणारी ऑफ-रोड गाडी घेणारा माणूस ही गाडी आल्यावर आपण कोण होणार आहोत ते पाहतो. तो पहाटे उठणार आहे, तळ्याकाठी तंबू ठोकणार आहे, मित्रांना आम्लेट करून घालणार आहे आणि दगडधोंड्यांतून वाट काढत सूर्यास्ताला कड्यावर पोचणार आहे. चौकटीत खूण करतो तो हा माणूस. हप्ते भरतो तो मात्र दुसरा, रोज सकाळी साडेआठला मुलाला शाळेत सोडून ऑफिसला जाणारा.

खुणा करण्याचं काम बहुधा रात्री अकराच्या पुढे, घर झोपल्यावर चालतं. पडद्यावर गाडी गरागरा फिरवून बघता येते. रंग निवडायचे, चाकं बदलायची, आतला साज पालटायचा. रंगांना लाल, हिरवा, करडा म्हणणं या व्यवसायात कमीपणाचं समजतात. रिव्हियनचा करडा ‘एल कॅप ग्रॅनाइट’ म्हणून आला, लाल ‘रेड कॅनियन’ म्हणून. आतला साज ‘ओशन कोस्ट’ किंवा ‘फॉरेस्ट एज’. पैठणीच्या दुकानात गुलाबीचा राणी, निळ्याचा चिंतामणी आणि जांभळ्याचा वांगी होतो, तसंच हे. फरक एवढाच, की पैठणी घेताना शेजारी जाऊबाई बसलेली असते आणि ती वेळेवर ‘हा रंग तुम्हाला नाही खुलायचा’ म्हणून वाचवते. रात्री अकराला लॅपटॉपपुढे बसलेल्या माणसाला वाचवणारं कोणी नसतं.

वाचवायला कधीकधी किंमत धावून येते. 1 मार्च 2022 रोजी रिव्हियनने भाव वाढवले. 67,500 डॉलरपासून सुरू होणारा ट्रक 79,500वर गेला, आणि ज्यांनी तीन-तीन वर्षांपूर्वी नोंदणी करून ठेवली होती त्यांनाही हाच नवा भाव लागू झाला. एवढे महिने रोज रात्री रंग बदलून पाहणाऱ्या भक्तांनी पटापट नोंदण्या रद्द करायला सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी कंपनीचे संस्थापक आर. जे. स्करिंज यांनी माफीचं पत्र लिहिलं आणि जुन्या नोंदणीवाल्यांना जुना भाव परत दिला. रद्द केलेली नोंदणी पुन्हा चालू करण्याची सोयही दिली. त्या दोन दिवसांत किती संसारांत ‘बरं झालं, सुटलो’ आणि ‘अरेरे, गेली’ हे दोन उद्गार एकाच घरातून निघाले असतील, ते त्या घरांनाच ठाऊक.

आता चालींकडे वळू. पेट्रोलच्या गाडीला पुढे आणि मागे एवढ्या दोनच चाली ठाऊक होत्या. चार चाकांना चार स्वतंत्र मोटर लावता आल्या आणि इंजिनियर मंडळींच्या अंगात आलं. डावीकडची चाकं पुढे फिरवायची, उजवीकडची मागे. गाडी जागच्या जागी रणगाड्यासारखी गोल फिरते. रिव्हियनने 2019च्या अखेरीस ‘टँक टर्न’ची चित्रफीत दाखवली आणि लोक वेडे झाले. गाड्या हातात आल्या तेव्हा ही चाल त्यांत नव्हती. जंगलातल्या वाटांची माती त्याने उकरली जाते, असं कारण पुढे आलं. वाट तुडवायला घेतलेल्या गाडीने वाटेची काळजी करावी, हे तसं स्तुत्यच. 2025 साली मात्र चार मोटरच्या नव्या गाड्यांसाठी ‘किक टर्न’ या नावाने कंपनीने या चालीची थोडी मवाळ आवृत्ती आणली.

मर्सिडीझने एवढा विचार केला नाही. 2024च्या एप्रिलमध्ये आलेली त्यांची जी 580 ही तीन टनांहून जड गाडी ‘जी-टर्न’ घेते. रीत अशी, की मोकळ्या, सुट्या मातीच्या जागेत उभं राहायचं, बटण दाबायचं, आणि गाडी स्वतःभोवती जास्तीत जास्त दोन पूर्ण फेऱ्या मारून थांबते. मारुतीच्या देवळातसुद्धा निदान तीन प्रदक्षिणांचा रिवाज आहे, पण जर्मन माणूस दोनवर समाधानी आहे. 2025च्या जानेवारीत ही गाडी भारतात आली तेव्हा शोरूमची किंमत 3 कोटी रुपये होती. सदाशिव पेठेच्या बोळात समोरून टेम्पो आला की या चालीचा मोठा उपयोग होईल, असं पहिल्यांदा ऐकणाऱ्या प्रत्येक पुणेकराला वाटतं. पण ती डांबरावर घ्यायची नसते आणि साडेचार मीटरहून लांब गाडी गोल फिरायला तेवढी जागा लागते. बोळात तेवढीही मोकळी जागा नसते.

हमरचं प्रकरण आणखी पुढचं. जीएमसीने 2020च्या ऑक्टोबरमध्ये विजेवरची हमर दाखवली. पहिल्या आवृत्तीची किंमत 1,12,595 डॉलर, ताकद एक हजार अश्वशक्ती, आणि वजन नऊ हजार पौंडांच्या वर, म्हणजे चार टनांहून जास्त. त्यात नुसती बॅटरीच मारुती स्विफ्टपेक्षा जड. या ऐरावताला ‘क्रॅबवॉक’ येतो. मागची चाकंही पुढच्यांच्या दिशेने दहा अंशांपर्यंत वळतात आणि गाडी तोंड सरळ ठेवून तिरकी सरकते. कोकणात खाडीकाठचा प्रत्येक खेकडा हे जन्मापासून करतो आणि त्याला कोणी लाखभर डॉलर देत नाही. त्याशिवाय गाडी अडकली तर सुमारे सहा इंच उचलणारा एक मोड आहे, आणि सुसाट सुटण्यासाठी ‘वॉट्स टू फ्रीडम’ नावाचा एक. त्याच्या इंग्रजी आद्याक्षरांचा संक्षेप तरुणांना तोंडपाठ आहे. वडीलधाऱ्यांसमोर पूर्ण नाव घ्यावं. गाडीच्या पोटाखाली कॅमेरे आहेत आणि त्यांची भिंगं स्वतःच पाण्याने धुतली जातात. आपल्याकडे घाटात ट्रकवाले काचेवर बिसलेरीची बाटली मारतात ते तंत्र इथे पोटाखाली नेलं आहे.

बॅटरी आणि चाकं यांचं गणित मात्र विनोदाच्या पलीकडचं आहे. ऑफ-रोड गाडीला खडबडीत ऑल-टेरेन टायर हवेत. ते दिसतातही झकास. पण ते रस्त्यावर जास्त घर्षण करतात, म्हणून रिव्हियन स्वतःच सांगते की गुळगुळीत चाकांच्या तुलनेत पल्ला 10 ते 15 टक्क्यांनी घटतो. मग छतावर तंबू हवा. तंबू वारा अडवतो, पल्ला आणखी घटतो. घटलेला पल्ला भरून काढायला मोठी बॅटरी घ्यायची. तिने वजन वाढतं, आणि वाढलेलं वजन मातीत रुततं. रुतू नये म्हणून पुन्हा टायर. टेस्लाने यावर सायबरट्रकसाठी जादा बॅटरीचा पर्याय जाहीर केला होता: किंमत 16,000 डॉलर आणि मागच्या हौद्याचा तिसरा हिस्सा तिनेच व्यापायचा. सामान न्यायला घेतलेल्या ट्रकात सामानाऐवजी बॅटरी न्यायची, ही कल्पना 2025 साली रद्द झाली आणि आगाऊ घेतलेले पैसे परत गेले.

स्काउटची कथा या सगळ्यांवर कडी करते. फोक्सवागनने या जुन्या अमेरिकन नावाचं पुनरुज्जीवन केलं आणि 2024च्या ऑक्टोबरमध्ये टेरा आणि ट्रॅव्हलर या दोन गाड्या दाखवल्या. मुळात त्या विजेवरच्या. पण पर्याय म्हणून ‘हार्व्हेस्टर’ ठेवला, म्हणजे गाडीतच बसवलेलं, बॅटरी चार्ज करणारं पेट्रोलचं जनित्र. नुसत्या विजेवर सुमारे 350 मैल, तो घेतला तर 500. नोंदणी करणाऱ्यांपैकी बहुतेकांनी तोच निवडला. विजेच्या गाडीतला सर्वांत लोकप्रिय पर्याय पेट्रोल निघावा, याहून प्रामाणिक ग्राहक जगात कुठे मिळेल?

पाण्याचं आकर्षण वेगळंच. पेट्रोल-डिझेलच्या इंजिनाला श्वास घ्यायला हवा लागते. हवेच्या वाटेने पाणी आत गेलं की इंजिन संपलं. विजेच्या मोटरला श्वास घ्यायचा नसतो आणि बॅटरी बंद पेटीत असते, म्हणून या गाड्या पाण्यात जरा जास्त खोल जातात. जी 580ला 850 मिलिमीटर चालतं, पेट्रोलवाल्या भावंडाला 700. एवढ्यावर थांबावं ना? 2022 साली इलॉन मस्क यांनी जाहीर केलं की सायबरट्रक थोडा वेळ होडीचंही काम करील. यातला ‘थोडा वेळ’ हा भाग पुष्कळांनी वाचलाच नाही. चीनच्या बीवायडीने यांगवांग यू8 खरोखरच तरंगती केली. तिच्यातही पेट्रोलचं जनित्र आहे, पण चाकं विजेवरच फिरतात, आणि ती पाण्यावर 30 मिनिटं तरंगते म्हणतात. एकतिसाव्या मिनिटाची जाहिरात कोणी करत नाही.

आपल्याकडे हा प्रयोग कोकणच्या किनाऱ्यावर दर हंगामात होतो, तोही जादा पैसे न देता. ओहोटीला वाळू कडक दिसते, गाडी आत घातली जाते, चारचौघांत एक फोटो होतो आणि भरती येते. 2023च्या डिसेंबरमध्ये हिमाचलात लाहौलला चंद्रा नदीतून एकाने थार नेली, तर पोलिसांनी चलान हातात ठेवलं. किनाऱ्यावर चलानाच्या आधी गावातला ट्रॅक्टर लागतो. ट्रॅक्टरवाला येतो, गाडीभोवती एक फेरी मारतो आणि पहिला प्रश्न विचारतो: हुक कुठेय? त्या वेळी गाडीत किती मोड आहेत याचं त्याला काहीही पडलेलं नसतं. रिव्हियनमध्ये पुढचे दोन टोइंग हुक आणि पोटाखालचं मजबूत कवच मिळून 2,000 डॉलरच्या ऑफ-रोड पॅकेजमध्ये येत. स्टेपनीसुद्धा वेगळे पैसे मोजून घ्यायची. जी 580च्या पेट्रोलवाल्या भावंडाच्या मागच्या दारावर स्टेपनी लटकते, जी 580मध्ये तिथे चार्जिंगची केबल ठेवायला एक सुबक डबा मिळतो.

महाराष्ट्राचा या खेळाशी संबंध आता नुसता प्रेक्षकाचा राहिलेला नाही. पुण्यात तयार होणारी टाटाची हॅरियर ईव्ही 3 जून 2025 रोजी 21.49 लाखांपासून बाजारात आली. चारही चाकांना ताकद देणारी दोन मोटरची आवृत्ती 28.99 लाखांची, म्हणजे त्याच साजातल्या मागच्या चाकांच्या गाडीपेक्षा दीड लाखाने जास्त. केरळातल्या वागमोणच्या एलिफंट रॉकवर ती चढवून दाखवलेली चित्रफीत लाखोंनी पाहिली. बर्फ, चिखल, वाळू, खडक असे मोड आहेत, बॉनेटच्या आरपार खालची जमीन दाखवणारा पडदा आहे, आणि किल्लीवरचं बटण दाबून गाडी रिकामीच पुढे-मागे सरकवता येते. या शेवटच्या सोयीचं मोल एलिफंट रॉकपेक्षा कोथरूडच्या पार्किंगमध्ये जास्त, जिथे दोन खांबांमध्ये गाडी मावते पण दार उघडत नाही.

बाणेर-बालेवाडीच्या रस्त्यावरच्या शोरूममध्ये शनिवारी संध्याकाळी कुठल्याही ईव्हीभोवती उभं राहिलं तर पुढचा संवाद थोड्याफार फरकाने ऐकू येतो.

“सर, यात स्नो मोड आहे, मड आहे, सँड आहे, रॉक क्रॉल आहे.”

“स्नो कुठे वापरायचा?” सूनबाई.

“मॅडम, लडाखला.”

“आपण लडाखला विमानाने गेलो होतो.”

“म्हणूनच तर,” चिरंजीव म्हणतात. म्हणूनच काय, ते कोणी विचारत नाही.

एवढा वेळ गाडीच्या उंबऱ्याकडे बघत उभे राहिलेले आबा शेवटी तोंड उघडतात. “चढायला पायरी नाही का हो याला?”

“साइड स्टेप ॲक्सेसरीत येते काका.”

“आणि स्टेपनी?”

सेल्समन क्षणभर थबकतो. सगळे मोड त्याने घडाघडा सांगितले होते. “ते व्हेरियंटवर आहे काका. विचारून सांगतो.” तो विचारायला आत जातो. तोवर नातवाने दहा स्पीकर चालू केलेले असतात आणि घरातल्या मतदानाचा निकाल लागलेला असतो.

आवाज हाही आता पर्याय झाला आहे. विजेची गाडी मुळात गप्प चालते आणि हेच तिचं सुख, अशी एक भाबडी समजूत होती. जी 580मध्ये ‘जी-रोअर’ नावाची कृत्रिम डरकाळी बसवलेली आहे. महिंद्राने चाकणला तयार होणाऱ्या आपल्या विजेच्या गाड्यांसाठी ए. आर. रहमान यांच्याकडून आवाज करून घेतले. त्याच महिंद्राने 2025च्या ऑगस्टमध्ये बीई 6ची बॅटमॅन आवृत्ती काढली. काळा सॅटिन रंग, वटवाघळाची चिन्हं, 27.79 लाख. आधी तीनशे काढायच्या होत्या, त्या 999 केल्या आणि 135 सेकंदांत संपल्या. ही गाडी मागच्याच चाकांवर चालते. चिखलाशी तिचं फारसं देणंघेणं नाही. अंधारात गुन्हेगार पकडण्याची जबाबदारी मात्र 999 घरांनी स्वीकारली.

हौस इथे संपत नाही, ती बाजारातल्या ॲक्सेसरीवाल्याकडे जाते. तिथे कायदा वाट अडवून बसलेला आहे. गाडीपुढे लोखंडी बुलबार लावायला केंद्र सरकारने 2017च्या डिसेंबरमध्येच बंदी घातली, आणि उत्पादकाच्या मूळ रचनेत फेरफार करता येणार नाही असं सर्वोच्च न्यायालयाने 2019च्या जानेवारीत सांगितलं. तरी दुकानदार “साहेब, कोणी बघत नाही” म्हणतो. बघतो तो विमावाला, दावा आल्यावर.

या सगळ्या उठाठेवीत एक गोष्ट कुठल्याच पडद्यावर गोल फिरवून दाखवत नाहीत. शेकडो किलोंची मोठी बॅटरी पोटात असूनही यातल्या बहुतेक गाड्यांची कुलपं, दिवे आणि संगणक चालतात ते 12 व्होल्टच्या एका छोट्या बॅटरीवर. ती बसली की दोन मोटर, चार मोटर, खेकडा, रणगाडा सगळे मुकाट उभे. दार उघडलं तरी पुष्कळ. ती किती दिवसांनी बदलायची आणि कुठे बसवली आहे, हा प्रश्न शोरूममध्ये विचारा. सेल्समन पुन्हा आत जाईल.

उलट्या दिशेची एक गंमतही अमेरिकेतच आहे. स्लेट नावाच्या कंपनीने 2025च्या एप्रिलमध्ये विजेचा छोटा ट्रक दाखवला. रंग नाही, स्पीकर नाही, पडदा नाही, काच हाताने हँडल फिरवून खाली करायची. दिलं काय, तर शंभराहून जास्त ॲक्सेसरींची यादी. काहीही न देता सगळं विकायला ठेवण्याची ही कल्पना बघून आपल्याकडचे फ्लॅट विकणारे गालात हसले असतील.

आणि फ्लॅटवरून आठवलं. आपल्याकडे या गाड्यांच्या किमतीत घरचा चार्जर बहुधा धरलेला नसतो. महिंद्राने बीई 6 आणली तेव्हा 7.2 किलोवॉटच्या चार्जरचे 50,000 आणि 11.2 किलोवॉटच्या चार्जरचे 75,000 वेगळे सांगितले होते. हॅरियर ईव्हीच्या जाहीर किमतीतही तो नव्हता. चार्जर विकत मिळतो. तो लावायला पार्किंगपर्यंत केबल लागते, केबलला भिंत लागते, आणि भिंत सोसायटीची असते. त्या भिंतीवर तिसऱ्या मजल्यावरच्या काकांचं लक्ष असतं. शॉर्टसर्किट झालं तर जबाबदार कोण, हा त्यांचा प्रश्न तयार असतो. वाळू, चिखल, खडक यांसाठी मोड निघाले आहेत. या चढणीसाठी अजून कुठल्याही कंपनीने मोड काढलेला नाही.

तेव्हा गाडी जरूर घ्या, रणगाड्याची चाल हवी तर तीही घ्या. पण यादीत खूण करण्याआधी स्टेपनी, टोइंग हुक आणि पोटाखालचं कवच या तीन गोष्टी किमतीत आहेत का ते लेखी घ्या. चार्जरचा अर्ज सेक्रेटरींकडे आजच द्या आणि कमिटीची बैठक कधी आहे ते विचारून ठेवा. रंग नंतर निवडता येतो.